पानात काय आहे ते आधी विचारा: बँकॉकमधलं दुपारचं जेवण

बँकॉकमध्ये दुपारी थाई खानावळीत जेवायचं तर कुठे जायचं, काय मागायचं आणि कसं मागायचं, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. थाई शब्द देवनागरीत जसे ऐकू येतात तसे लिहिले आहेत. ते इंग्रजी स्पेलिंगवरून वाचू नयेत, असं का म्हणतो ते पॅड थाई या नूडलच्या पदार्थाच्या उत्तरात येईल.

आम्ही सहा जण सहल कंपनीबरोबर जातो आहोत. रोज भारतीय जेवण आहे, पण एक दुपार मोकळी आहे. सगळे शुद्ध शाकाहारी. थाई जेवण जेवता येईल, की फळांवर भागवावं?
– वाचक, सांगली

जेवता येईल, आणि पोटभर. अडचण ताटात दिसणाऱ्या मांसाची नाही, मिठाची आहे. आपण जिथे मीठ घालतो तिथे थाई स्वयंपाकी बहुतेक वेळा 'नाम प्ला', म्हणजे फिश सॉस घालतो. मांदेलीच्या जातीचे बारीक मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं हे पाणी. त्याच्या जोडीला 'कपि' असते, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात कुटून, वाळवून, आंबवून केलेला लगदा. 'कुंग हॅंग' म्हणजे आपले सोडे. 'नाम मन होय' म्हणजे कालवांचा सॉस, आणि परतलेल्या पालेभाजीत तो हमखास असतो. 'नो मीट' म्हटल्यावर स्वयंपाकी प्रामाणिकपणे मांस काढून टाकतो. बाकीचं तसंच राहतं, कारण त्याच्या लेखी तो मसाला आहे, मांस नव्हे. वेटरवर चिडून उपयोग नाही. एकेका जिनसाचं नाव घेऊन विचारावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या पदार्थात बदल करून मिळतो आणि कोणत्यात नाही, हे ओळखणं. कढईत तुमच्यासमोर आत्ता होतंय ते बदलता येतं. पातेल्यात सकाळीच शिजून तयार आहे ते बदलता येत नाही. हिरवी किंवा लाल करी नारळाच्या दुधातली दिसते, वर टोफू तरंगत असतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण तिचं वाटण करतानाच कपि घातलेली असते. 'फिश सॉस घालू नका' असं ताट वाढताना सांगितलं तर मान डोलावली जाईल, आणि जे आहे तेच ताटात येईल.

म्हणून दुकानाचा प्रकार पाहून आत शिरा. काचेमागे दहा-पंधरा ट्रे मांडलेले असतात आणि भातावर बोट दाखवू ते वाढतात, ते 'खाव कॅंग'. ऑफिसातली माणसं तिथे जेवतात, स्वस्त आणि चविष्ट असतं; पण तुमच्यासाठी नाही, कारण सगळं आधीच शिजलेलं. 'ताम संग' म्हणजे सांगाल तसं करून देणारं दुकान: एक-दोन शेगड्या, मोठी कढई, पुढ्यात चिरलेल्या भाज्या. इथे जा. ताउ हू (टोफू), हेत (मशरूम), कोबी, मक्याची कोवळी कणसं दाखवा आणि म्हणा, 'मै किन नुआ सत. मै सै नाम प्ला, मै सै नाम मन होय.' मी मांस खात नाही. फिश सॉस घालू नका, कालवांचा सॉस घालू नका. यातला 'सत' म्हणजे प्राणी, मूळ शब्द आपला 'सत्त्व'. शेवटी पुरुषाने 'ख्रप' आणि बाईने 'खा' म्हणायचं. हे आदरार्थी शब्द आहेत, आणि त्यांनी समोरच्याचा चेहरा खरंच बदलतो.

आणखी एक वाक्य विसरू नका: 'सै सी इव खाव', म्हणजे सोया सॉस घाला. नुसतं 'फिश सॉस नको' म्हटलं की पदार्थातलं मीठच जातं आणि साखर तेवढी उरते. मग आपण म्हणतो, थाई जेवण गुळचट असतं. सोया सॉस नसेल तर 'क्लुआ', म्हणजे मीठ मागा.

सहा जणांचं एकमत होत नसेल, तर मॉलमधलं फूड कोर्ट सर्वांत सोपं. असोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल 21 या मॉलमधलं पिअर 21 हे त्यातलं प्रसिद्ध. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, प्रत्येक स्टॉलवर ते द्यायचं, उरलेली रक्कम त्याच काउंटरवरून त्याच दिवशी परत घ्यायची. पदार्थांची चित्रं लावलेली असतात, आणि मोठ्या फूड कोर्टात एखादा शाकाहारी स्टॉल सहसा सापडतो.

वेळ सांभाळा. 12 ते 1 ही ऑफिसांची जेवणाची सुट्टी. त्या तासात जागा मिळत नाही, आणि स्वयंपाक्याला तुमच्या चार अटी ऐकायला सवडही नसते. सव्वाअकराला जा. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो. तिथून निघून लवकर जेवायला बसलात तर उन्हाचाही त्रास वाचतो.

दुकानांवर 'जे' लिहिलेलं असतं, ते पूर्ण शाकाहारी असतं का? 'मांगसाविरत' हा शब्दही ऐकला.
– वाचक, ठाणे

दोन्ही वेगळे. 'मांगसाविरत' म्हणजे मांसविरती, शब्द आपलाच. मांस नाही, पण अंडं आणि दूध चालतं, आणि फिश सॉसबाबत प्रत्येक दुकानाची समजूत निराळी. म्हणून हा शब्द पाहिला तरी विचारायचंच.

'जे' जास्त भरवशाचं. चिनी बौद्ध परंपरेतला हा कडक आहार: मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, शिवाय लसूण, कांदा, कांद्याची पात यांसारख्या उग्र भाज्याही नाहीत. पिवळ्या झेंड्यावर किंवा फलकावर लाल अक्षर असतं, आणि आपल्या डोळ्यांना ते इंग्रजी आकड्यांतल्या 17 सारखं दिसतं. ही खूण लक्षात ठेवली की थाई लिपी न येताही काम होतं. इंग्रजीत ते 'जे' लिहितात. खरा उच्चार चहातल्या 'च'चा, म्हणजे 'चे'. 'किन चे' म्हणजे मी 'जे' आहार घेतो.

अशा दुकानात ट्रेमध्ये मासा, बदक, डुकराच्या मांसाचे काप दिसले तर परत फिरू नका. ते सोयाचे किंवा गव्हातल्या चिकट प्रथिनाचे केलेले असतात. गहू ज्यांना चालत नाही त्यांनी मात्र हे नकली मांस टाळावं.

आम्ही जैन आहोत. आणि आई नवरात्रात कांदा-लसूण खात नाही. आमच्यासाठी काही?
– वाचक, डोंबिवली

आईंसाठी 'जे' दुकानं नेमकी योग्य. इथे एक छान योग आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत थायलंडमध्ये 'जे' आहाराचा उत्सव असतो, आणि तो पुष्कळदा आपल्या शारदीय नवरात्रालाच येतो. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला सुरू झाले. 2025 मध्ये मात्र चिनी पंचांगात अधिक महिना आला, आपल्याकडे नव्हता, म्हणून घटस्थापना 22 सप्टेंबरला आणि तिकडचा उत्सव 21 ऑक्टोबरपासून. उत्सवात चायनाटाउनच्या यावरात रस्त्यावर पिवळे झेंडे लागतात आणि एरवी मांसाहारी असलेले कित्येक गाडेही 'जे' पदार्थ विकतात. जाण्याच्या तारखा हातात असतील तर दोन्ही पंचांगं पाहून ठरवा. मात्र हे उपवासाचं जेवण नव्हे. भात, नूडल, सोयाबीन सगळं असतं.

जैनांसाठी एवढ्याने भागत नाही. 'जे' आहारात कांदा-लसूण नसला तरी मुळा, गाजर, बटाटा, अरवीसारखे कंद चालतात आणि मशरूम तर सढळ हाताने घालतात. ताम संग दुकानात कोबी, चवळीच्या शेंगा आणि टोफू एवढंच दाखवून सांगता येईल, पण कढई आणि डाव तोच असतो. ते चालणार नसेल, तर फाहुरात हा बँकॉकमधला भारतीय वस्तीचा भाग किंवा सिलोम रस्त्यावरच्या मरिअम्मन मंदिराचा परिसर पाहा. तिथे भारतीय शाकाहारी जेवणाची सोय आहे. थाई जेवणाची हौस गोडावर भागवा: आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. तांदूळ, नारळ, साखर, मीठ आणि आंबा, बस्स. एप्रिल-मे हा तिथल्या आंब्याचा ऐन हंगाम.

पॅड थाई शाकाहारी करून मिळतं का? नेमकं काय सांगायचं?
– वाचक, पुणे

मिळतं. आधी त्यात काय पडतं ते पाहा. भिजवलेल्या तांदळाच्या चपट्या नूडल, चिंचेचा कोळ, ताडगूळ, नाम प्ला, सोडे, टोफू, खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे, अंडं, मोड आलेले मूग, लसणीच्या पातीसारखी 'कुइ चै' नावाची पात, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. शेजारी लिंबाची फोड आणि कच्चं केळफूल. काढायच्या गोष्टी तीन: नाम प्ला, कुंग हॅंग आणि अंडं खात नसाल तर 'खै'. मागायची गोष्ट एक: सी इव खाव.

गफलत होते ती उच्चारात. 'कै' म्हणजे कोंबडी आणि 'खै' म्हणजे अंडं. इंग्रजी बोलणाऱ्या प्रवाशांना हा फरक कानाला कळत नाही. आपल्याला क आणि ख बाळबोधीपासून वेगळे माहीत. तसंच 'प्ला' म्हणजे मासा, त्यातला प साधा. 'फक' म्हणजे भाजी, त्यातला फ 'फळा'तला. आणि पॅड थाई हे मुळात 'फत थै', फत म्हणजे परतलेलं. इंग्रजी स्पेलिंग वाचून बोलाल तर ही सोय हातची जाते. म्हणून देवनागरीत लिहून न्या.

मोठ्या गर्दीच्या गाड्यावर दोन अडचणी येतात. चिंच, गूळ आणि नाम प्ला एकत्र उकळून केलेला सॉस तिथे बरणीत तयार असतो. मग फिश सॉस वेगळा काढणं शक्यच नसतं. बरणीतून एकच सॉस ओतताना दिसला तर ते दुकान सोडा. दुसरं, काही ठिकाणी सोडे आधीच कुटून टाकलेले असतात, वरून दिसत नाहीत.

ताट आल्यावर लगेच तिखट ओतू नका. टेबलावर चार वाट्यांचा संच असतो: वाळलेल्या मिरचीचा चुरा, साखर, व्हिनेगरमधल्या मिरच्या आणि नाम प्लामधल्या मिरच्या. चौथी शाकाहाऱ्यांनी टाळायची. रंगावरून व्हिनेगरची आणि ती ओळखायला सोपी, नाम प्ला तपकिरी असतं. आधी लिंबू पिळून, मोड आणि कूट खालीवर करून चव घ्या, मग ठरवा.

आम्ही कोल्हापूरचे, तिखटाचं भय नाही. तरी मित्र म्हणतात, सांभाळून. खरंच इतकं तिखट असतं?
– वाचक, कोल्हापूर

तिखटाची जातच निराळी. आपल्या रश्श्यातली मिरची भाजलेली, तेलात परतलेली, खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात मुरलेली असते, आणि तिखट हळूहळू चढतं. तिथे 'सोम ताम' म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर करताना लवंगीएवढ्या मिरच्या कच्च्याच खलात ठेचतात, वर लिंबू. तेलाचा थेंब नाही. ते तिखट पहिल्या घासालाच जिभेला लागतं.

पहिल्या वेळी 'फ्रिक मेत दिआव', म्हणजे मिरची एकच, असं सांगा. पुढच्या ताटाला वाढवता येईल. एकदा ठेचलेली काढता येत नाही. लहान मुलांसाठी 'मै सै फ्रिक'. तोंड भाजलंच तर पाणी पिऊ नका, मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही. ताटाबरोबर कोबी आणि चवळीच्या कच्च्या शेंगा देतात त्या चावा, चिकट भाताचा गोळा खा. तो भात हातानेच खायचा असतो, भाकरीसारखा तुकडा मोडून.

सोम ताम नुसतं म्हटलं तर कधी कधी शेतातला खेकडा आणि आंबवलेल्या माशाचं पाणी घातलेला प्रकार येतो. त्याचा वास नवख्याला झेपत नाही. 'सोम ताम थै' म्हणा. त्यात शेंगदाणे असतात. सोडे आणि नाम प्ला त्यातही असतातच, शाकाहाऱ्यांनी आधीच सांगावं. खल मात्र सगळ्यांना एकच.

गळ्यात माळ आहे, घरात तुळस पुजतो. थाई लोक मांसात तुळस घालतात हे खरं का?
– वाचक, पंढरपूर

खरं आहे. 'फत कफ्राव' या रोजच्या पदार्थात मांसाचा खिमा, लसूण, मिरची आणि मूठभर कफ्रावची पानं असतात. कफ्राव म्हणजे आपलीच तुळस. तिथे ती पूजेची नाही, स्वयंपाकाची. ज्यांना ती कढईत पडलेली नको वाटते त्यांनी मेन्यूत 'होली बेसिल' शब्द पाहून तो पदार्थ टाळावा, किंवा 'मै सै कफ्राव' म्हणावं. हिरव्या करीतली पानं वेगळी. ती 'होरफा', तिला बडीशेपेसारखा वास असतो. आणखी एक 'मॅंगलक', लिंबाच्या वासाची. या दोन्ही तुळशीच्या गोतातल्या, पण तुळस नव्हेत.

आम्ही मासे खाणारे गोंयकार, चौघे. बीफ आणि पोर्क नको. चांगल्या थाई हॉटेलात चौघांसाठी काय मागावं?
– वाचक, मडगाव

तुमच्यासाठी बँकॉक म्हणजे पर्वणी. पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायची तिथली रीत आहे, म्हणून चौघांत चार पदार्थ आणि प्रत्येकी एक भात, एवढं पुरतं. 'प्ला नुंग मनाव' आधी सांगा, कारण त्याला वेळ लागतो: अख्खा मासा वाफवून त्यावर लिंबू, लसूण आणि मिरचीचं पाणी. मासा बहुधा 'प्ला क्रफोंग' असतो. तो तुमचा चोणक, रायगडकरांचा जिताडा. पाऊण किलोचा चौघांना पुरे. लिंबू शिजवत नाहीत, मासा शिजल्यावर वर घालतात, कारण उकळलं तर कडवट होतं. त्याबरोबर नारळाच्या दुधातली कोळंबीची करी, 'फक बुंग' म्हणजे नाळीची परतलेली भाजी आणि कमी तिखट सोम ताम. आंबट, नारळाचं, हिरवं आणि करकरीत असं चारही बाजूंनी जेवण होतं.

नारळाच्या करीकडून हुमणाची अपेक्षा ठेवू नका. खोबरं वाटून घातलेलं नसतं, फक्त दूध; त्यामुळे ती पातळ असते, आणि ताडगुळाचा गोडवा लागतो. हिरवी करी नावाने सौम्य वाटली तरी लालपेक्षा अनेकदा तिखट निघते. मुलांना 'मत्समन' द्या: बटाटा, शेंगदाणे, दालचिनी, वेलची, आपल्या मसाल्याच्या जवळची. पण त्यात मांस कोणतं ते विचारा. 'मू' म्हणजे पोर्क. 'नुआ' म्हणजे हॉटेलात बीफ. पोर्कचा खिमा टोफूच्या सुपात आणि भाज्यांतही असतो, नूडल सुपाचं पाणी पुष्कळदा डुकराच्या हाडांचं, आणि 'बोट नूडल' नावाच्या नूडल सुपाच्या रश्श्यात रक्त घालतात. हलाल फलकाच्या दुकानात पोर्क नसतं, बीफ असू शकतं.

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्याने चमच्यावर ढकलायचं, काटा तोंडात घालायचा नाही. चॉपस्टिक फक्त सुपातल्या नूडलसाठी. करी एकदम भातावर ओतून कालवू नका. एका वेळी दोन चमचे घ्या, मग पुढचा पदार्थ. पदार्थ होतील तसे येतात, चारही येईपर्यंत थांबलात तर पहिला गार होतो.

टॉम यम सुपात काड्या आणि लाकडासारखे तुकडे होते. चावल्याच गेल्या नाहीत. चूक कोणाची?
– वाचक, रत्नागिरी

कोणाचीच नाही. ते वासासाठी असतात: गवती चहाचा बुंधा, आल्याच्या जातीचं कुलिंजन आणि मक्रूत लिंबाची पानं. पुलावातल्या तमालपत्रासारखी बाजूला काढायची. शाकाहाऱ्यांसाठी सूचना: बिनकोळंबीचं टॉम यम मागितलं तरी त्यातल्या मिरचीच्या लाल लगद्यात सोडे असतात. 'जे' दुकान सोडून इतर कुठेही टॉम यम घेऊ नका.

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. धोका घ्यावा का?
– वाचक, नागपूर

तोंडी सांगण्यावर विसंबू नका. हॉटेलच्या रिसेप्शनवर थाईत ठळक अक्षरांत लिहून घ्या: शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कूट, तेल, सॉस काहीही नको, त्याच कढईतलंही नको. 'फॅ थुआ लिसोंग' म्हणजे शेंगदाण्याची ॲलर्जी. पॅड थाई, सोम ताम, मत्समन आणि साते (शेंगदाण्याच्या सॉसबरोबरचे काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे) टाळाच. रस्त्यावरच्या गाड्यावर एकच डाव सगळीकडे फिरतो, त्यामुळे ॲलर्जी तीव्र असेल तर गाडे वर्ज्य. भारतातल्या डॉक्टरांनी दिलेलं औषध जेवताना हाताशी असू द्या, खोलीवर नको. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनाही हेच लागू, आणि त्यांना कपिमुळे करीसुद्धा बाद.

मेन्यूवर 600 बाट लिहिलं होतं आणि बिल 700 च्या वर आलं. फसवलं का?
– वाचक, नाशिक

किमतीपुढे दोन अधिक चिन्हं होती का पाहा. त्याचा अर्थ 10 टक्के सेवा शुल्क आणि त्यावर 7 टक्के कर. 600 वर सेवा शुल्क 60, मग 660 वर कर 46.20, एकूण 706.20. हिशेब बरोबर आहे. सेवा शुल्क घेतलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. साध्या दुकानात हे काही नसतं, लिहिलेली किंमत तीच. तिथे 'केप तांग' म्हणून बिल मागा, मोठ्या हॉटेलात 'चेक बिन'. गाड्यांवर 1000 बाटची नोट सहसा मोडून मिळत नाही. सकाळीच सुटे करून 20, 50 आणि 100 च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

वडिलांना मधुमेह आहे. पेयांत साखर कमी कशी सांगायची?
– वाचक, सोलापूर

'वान नोय', म्हणजे गोड कमी. पण नारिंगी रंगाच्या थाई चहात साखरेखेरीज आटवलेलं गोड दूध असतं, तो त्यांना देऊच नका. बाटलीबंद पाणी द्या. जेवणात 'मै सै नाम तान', साखर घालू नका, हे फक्त परतलेल्या भाजीला आणि सोम तामला लागू पडेल. करीत आणि पॅड थाईच्या सॉसमध्ये गोडवा आधीच मुरलेला असतो.